उलाळ

८ सप्टेंबर

ठके,

गाडी भंगारात घातलेली नाही, हे आधी सांगून टाकते. आईकडून तू दोनदा निरोप पाठवलास, दोन्ही वेळा मी "बघते, बघते" करून वेळ मारून नेली. गाडी मिस्त्रींच्या गॅरेजच्या आवारात उभी आहे, मागच्या भिंतीला लागून, ताडपत्रीखाली. तिथेच राहणार आहे.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून हे पत्र. रविवारी तू आईला फोन करतेस तेव्हा मी खोलीतून उठून जाते, तुम्हा मायलेकींना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं तो भाग वेगळा. तरी उठून जाण्याला काही अर्थ असतो.

तुझा दादा गेला तेव्हा तू आलीस, चार दिवस राहिलीस, आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणालीस, "वहिनी, तू त्याच्या शेजारी बसली होतीस ना? मग तू काय करत होतीस?" माझा हात गळ्यात बांधलेला होता आणि वाचाही बसली होती. त्या दिवशी उतारावर गाडीला काय झालं ते मला माहीत नाही, आणि ते कळेपर्यंत मी तिला कापू देणार नाही. सांगायचं होतं ते एवढंच.

तू ती फोटोतच पाहिलीस. समोरून बघवत नाही. काच नाही, बॉनेट दुमडून आत गेलंय, चालकाचा दरवाजा तर नाहीच. पण मागून गेलीस तर म्हणशील, हिला झालंय तरी काय? शिडी जागेवर, मागची खिडकी जागेवर, मी शिवलेला पडदासुद्धा. तू पाठवलेला जनरेटरही तसाच आहे, एक ओरखडा तेवढा. दादा त्याला 'धाकटी' म्हणायचा. पोट भरेपर्यंत नुसती भुणभुण, आणि एकदा भरलं की एसी चालून घरभर गार वारा. आईला उकडू नये म्हणून तुझा किती जीव वरखाली झाला होता, ते तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

आतमध्ये आईचा पलंग मधोमध आहे. चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. त्या दिवशी नुसती चाचणी होती, आई घरीच होती, हे देवाचे उपकारच. तिच्या मणक्यामुळे तिला बसून प्रवास होत नाही, म्हणून तिला झोपवून तुझ्या दारात आणून उभी करायची, एवढ्यासाठी त्यानं जुनी मिनीबस घेऊन दोन वर्षं हा उद्योग केला. हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं.

आई बरी आहे. जेवते. कमी बोलते.

— वहिनी


२९ सप्टेंबर

ठके,

तुझं उत्तर नाही. पण आईनं सांगितलं की पत्र पोचलं.

मी आता रोज दुपारी मिस्त्रींकडे जाते. ते माझ्याकडून गिऱ्हाइकांच्या सीटा शिवून घेतात, आणि त्याबदल्यात मला गाडी समजावून सांगतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, माझ्याकडे माणसं आहेत. काय असेल ते तुम्हाला लिहून देतो." मी म्हटलं, "तुम्ही लिहून द्याल, मी वाचीन, आणि मला काहीही कळणार नाही." मग त्यांनी पाना हातात दिला. तोही उलटा धरला मी.

मिस्त्री म्हणजे मोठी असामी आहे. पोट पुढे, चष्मा कपाळावर, आणि कुठलंही इंजिन असो, "मी याला लहानपणापासून ओळखतो," असं म्हणणार. चूक कबूल करणं त्यांच्या कुंडलीत नाही. काल एका गिऱ्हाइकाची गाडी तीनदा उघडून चौथ्यांदा सुरू झाली, तर म्हणतात कसे, "मला पहिल्यांदाच कळलं होतं, पण खात्री करून घेतली." हसू येतं.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. म्हणाले, "घाई करू नका. चार दिवस आठवा आणि मग सांगा. ब्रेकचं पेडल कडक झालं होतं, की मऊ?"

मला चार दिवस लागले नाहीत. दादाचे शब्द जसेच्या तसे आहेत माझ्या कानात. तो म्हणाला, "पाय आत जातोय." ओरडला नाही. घरात नळाला पाणी नाही हे सांगावं, तशा आवाजात. मग त्यानं गिअर खाली टाकायला बघितला, मोठा करकर आवाज झाला, गिअर पडलाच नाही. त्यानंतर गाडीला कुणीच धरलेलं नव्हतं. वळणावर दरीच्या बाजूला मी होते आणि डोंगराच्या बाजूला तो. त्यानं गाडी डोंगरावर घातली.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

मिस्त्रींनी ऐकलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाले, पेडल कडक झालं असतं तर ब्रेकला जोर पुरवणारा बूस्टर गेला म्हटलं असतं. आत गेलं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. पेडल दाबलं की ऑइल पुढे चाकापर्यंत जोर नेतं. ते तापून उकळलं की त्यात बुडबुडे होतात, आणि मग पाय नुसता बुडबुडे दाबत बसतो. चाकापर्यंत काही पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाकं काढली. आत लोखंडी ड्रम असतात, डब्याच्या झाकणासारखे. ते निळे पडले होते. मोराच्या मानेसारखे निळे, ठके. मी बोट फिरवलं. इतका सुंदर रंग आणि तो तिथे असता कामा नये.

आता प्रश्न हा की एवढे तापले का. मिस्त्री म्हणाले, "ते शोधायचं तर चासी उघडी करावी लागेल. वेळ लागेल." मी म्हटलं, मला दुसरं काय काम आहे?

— वहिनी


२७ ऑक्टोबर

ठके,

चासी म्हणजे काय ते मला आत्ता कळलं. इतके दिवस मी गाडी म्हणजे भिंती, खिडक्या, पडदे असंच समजत होते. वरचं सगळं हे नुसतं कापड. खाली एक शिडी आडवी पडलेली असते, दोन लांब पोलादी दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, चाकं, घर, माणसं, सगळ्यांचा भार त्या शिडीवर. मी शिवणारी बाई, मला अस्तराचं महत्त्व कळायला हवं होतं. अस्तर चुकलं की वरची शिवण कितीही नेटकी असो, कपडा ओढ घेतोच.

शिडीला वजन झेलायची सीमा असते. कारखान्यातून ती ठरूनच येते, पुढच्या चाकांवर इतकं, मागच्या चाकांवर इतकं. दादाला हे माहीत होतं. पण घर बसवताना माणूस एकेक वस्तू उचलतो आणि म्हणतो, ही एवढीशी तर आहे! चुलीचा ओटा एवढासा. कपाट एवढंसं. मिस्त्रींनी आतलं सामान काढून एकेक काट्यावर ठेवायला लावलं आणि मी आकडे मांडत गेले. मागची चाकं सोसतील त्याहून कितीतरी जास्त त्यांच्यावर होतं. मागचे स्प्रिंगचे पाटे बघितले, कमानीसारखे असायला हवेत ते सरळ झाले होते. म्हाताऱ्या माणसाच्या भुवयांसारखे.

आणि नुसतं जास्त नाही, वजन होतं ते चाकांच्या मागे. तिथे गोष्ट आणखी बिघडते. मागची चाकं म्हणजे टेकू. टेकूच्या मागे जितकं लटकवाल तितकं पुढचं टोक वर उचललं जातं. पुढच्या चाकांवर वजनच राहत नाही, आणि गाडी थांबवायचं काम मुख्यतः पुढच्या चाकांचं. मिस्त्रींनी विचारलं, "स्टिअरिंग हलकं झालंय असं म्हणाले होते का साहेब?"

म्हणाला होता. घाट सुरू व्हायच्या आधी, एका बोटानं चाक फिरवून दाखवलं होतं मला. "बघ, लोणी! एवढं हलकं कधीच नव्हतं." किती खूश होता. मी म्हटलं होतं, "तुझ्याच हातचं काम आहे, हलकं होणारच."

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. मी हातवारे करून टेकू, दांडा, वजन असं समजावायला लागले, तर तिनं मान वर न करता म्हटलं, "म्हणजे गाडी उलाळ झाली."

मला शब्दच माहीत नव्हता. ती म्हणाली, "लहानपणी आमच्याकडे बैलगाडी होती. मागं जास्त भरलं की पुढचं टोक वर जायचं, जू बैलांच्या मानेवरून उचललं जायचं. वडील ओरडायचे, उलाळ झाली, उलाळ झाली, पोरांनो मागचे उतरा. आम्ही पटापट उड्या मारायचो." थोडा वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, "मागं एवढं होतं तरी काय?"

मी म्हटलं, पाण्याची टाकी.

ते खरं आहे. टाकी मोठी हवी हा हट्ट माझाच होता. तुझ्याकडे यायला आठवडा लागणार, वाटेत आईला अंघोळ घालायची, कपडे धुवायचे. दादा म्हणत होता, निम्मी पुरे. मी ऐकलं नाही. बाकीचं मागचं सामान किरकोळ होतं.

पुढे लिहिणार होते, पण आज राहू दे. हात दुखतोय.

— वहिनी


२४ नोव्हेंबर

ठके,

रविवारी तू आईला म्हणालीस, "म्हणजे टाकी वहिनीची होती." आईनं तो निरोप मला दिला नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकला.

हो, माझी होती.

कारण कळलं. आता आणखी शोधण्यासारखं काही राहिलेलं नाही. तू सुरुवातीला म्हणत होतीस तेच बरोबर होतं, गाडी भंगारात देऊन टाकू. या महिन्यात ते काम उरकून टाकते. सगळीच्या सगळी, सामानासकट. वेगळं काही काढून ठेवत नाही.

आईचं औषध बदललं आहे. नवं सोसतंय.

— वहिनी


१० डिसेंबर

ठके,

परवा तुझा फोन झाल्यावर आईनं मला हाक मारली. खाटेवर उशीला टेकून बसली होती, फोन अजून मांडीवरच.

"ठकी विचारत होती," ती म्हणाली, "तो जनरेटर गाडीत कुठं बसवला होता."

मी म्हटलं, "तिला काय करायचंय आता?"

"मला काय माहीत. म्हणाली, आई, तू विचार. वहिनी तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

मी खाटेच्या कडेला बसले. तू मला बरोबर पकडलंस. पहिल्याच पत्रात मी लिहून गेले होते, मागून बघितलं तर जनरेटर तसाच आहे म्हणून. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आणि मागच्या पत्रात इतक्या घाईनं गाडी मोडायला निघाले, तेव्हाच तुला काय ते कळलं असणार. तुझ्या दादासारखीच आहेस, गाठ दिसली की सोडवल्याशिवाय राहवत नाही.

आईनं फोन मांडीवरून उशीपाशी ठेवला. मग तिनंच म्हटलं, "मागं होता ना?"

"हो."

"टाकीच्याही मागं?"

"हो, आई."

तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. म्हणाली, "तिला सांगू नकोस. एक गेला. दुसरी जिवंतपणी जाईल." मी बरं म्हटलं. उठून दारापर्यंत गेले, तर मागून आवाज आला, "थांब. सांग तिला. तिनं आपण होऊन विचारलंय. विचारणाऱ्याला खोटं सांगितलं की तो जन्मभर विचारत राहतो."

म्हणून सांगते. जनरेटर मागच्या चाकांच्या पाठीमागे होता, चासीच्या शेवटच्या पट्टीला लोखंडी चौकट जोडून टांगलेला. टाकीपेक्षा लांब, अगदी टोकाला. तिथे त्याचं वजन त्याच्या खऱ्या वजनापेक्षा जास्त लागत होतं.

पण अर्धी गोष्ट सांगून थांबले तर तेही खोटंच. तेव्हा पुढचंही वाच.

दादानं तो आधी मधोमध बसवला होता. दोन दांड्यांच्या मध्ये, आईच्या पलंगाखाली, जिथे असायला हवा तिथे. मग एक दिवस आईला आवारात आणून पलंगावर झोपवून बघितलं आणि जनरेटर सुरू केला. आई म्हणाली, "छान आहे रे, गार वाटतंय." पण तिनं पलंगाची कड घट्ट धरलेली दादानं बघितली. तिच्या पाठीला थरथर सोसत नव्हती. आठवड्याभरात त्यानं जनरेटर काढून मागे नेला, तिच्यापासून जमेल तेवढा लांब.

मिस्त्रींनी त्याला सांगितलं होतं. "साहेब, मागे टांगू नका." दादा म्हणाला, "परत येईपर्यंत बघू, मग काहीतरी करू." मिस्त्री मला हे सांगताना काम करत नव्हते. म्हणाले, "मी एकदा बोललो. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. पण ते इतक्या आनंदात होते, की म्हटलं जाऊ दे." मिस्त्रींच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

ब्रेक ऑइल जुनं होतं, बदलायचं राहिलं होतं. आणि दादा घाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होता. जड गाडी उतारावर दुसऱ्यात ठेवायची असते, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं आणि ब्रेकना श्वास घ्यायला वेळ मिळतो. तो ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिला. इंजिनाचा आवाज चढला की त्याला वाटायचं आपण त्याला छळतोय. गाडीवर माया करत होता.

मी मिस्त्रींना तीनदा विचारलं, जनरेटर नसता तर? पहिल्यांदा म्हणाले, "तरी झालंच असतं." दुसऱ्यांदा म्हणाले, "सांगता येत नाही." तिसऱ्यांदा चिडले. "बाई, हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार का?" तेव्हा मी तुला 'तुझा काही दोष नाही' असं लिहिलं तर तू ते मानणार नाहीस, आणि मानू नकोस. माझी टाकी होती. तुझा जनरेटर होता. आईची पाठ होती. त्याची माया होती. हे सगळं त्या शिडीवर आपण मिळून चढवलं, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या सुखासाठी चढवलं. याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

आणखी एक सांगायचंय. हे नाही लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरात ज्या दिवशी मला जनरेटरचं हे कळलं, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. आवारातून घरी येताना पावलं हलकी पडत होती. दारात चपला घालताना तू जे विचारलंस त्याला उत्तर मिळालं, असं वाटत होतं. आता लिहीन, म्हटलं, कळू दे हिला. घरी आले तर आई तुझा लहानपणीचा फ्रॉक मांडीवर घेऊन बसली होती, बाहेर काढलेला, परत घडी करून ठेवायचा म्हणून. माझा आनंद तिथेच संपला. पण झाला होता.

आणि तू विचारलंस, मी काय करत होते. खिडकीची काच खाली होती. दादा काहीतरी गुणगुणत होता, सूर नेहमीसारखाच सोडून. मी पाय वर घेऊन बसले होते. मी सुखात होते, ठके. तेवढंच करत होते.

गाडी मोडलेली नाही. मिस्त्रींना थांबायला सांगितलं आहे.

तुझी,
वहिनी


२ फेब्रुवारी

ठके,

इतके आठवडे तुझा फोन आला नाही. आई दर रविवारी फोन उशीशी ठेवून बसायची आणि म्हणायची, "तिची ड्युटी असेल." मी म्हणायचे, "असेल." आम्ही दोघीही खोटं बोलण्यात तरबेज झालो होतो.

मग गेल्या रविवारी आला. आईनं घेतला, ऐकलं, आणि माझ्यापुढे धरला. तू "वहिनी" म्हणालीस. पुढे तू रडत होतीस आणि मागे तुमच्या हॉस्पिटलातली कुणीतरी तुला हाका मारत होती. तू "फेब्रुवारीअखेर येते" म्हणालीस ते ऐकू आलं. मी मान हलवली. फोनवर मान हलवून काय उपयोग, हे ठेवल्यावर लक्षात आलं. म्हणून हे पत्र. ये. आईच्या खोलीत तुझी गादी घालून ठेवते.

गाडी रस्त्यावर यायची नाही, हे आता नक्की. पुढचा दांडा वाकला आहे. मिस्त्री म्हणाले, तापवून सरळ करता येईल, दिसायला नवा दिसेल, पण तो आतून काय लक्षात ठेवून बसलाय ते कुणाला दिसणार? मी म्हटलं, नको. पण इंजिन धडधाकट आहे. त्याला काही झालेलं नव्हतं. पंख्याचं पातं वाकलं होतं, रेडिएटर फुटला होता. मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचा रेडिएटर आणून बांधला, आणि डिझेलच्या नळीतली हवा काढायचं काम मला दिलं.

इतके महिने उभं राहिलं की नळीत हवा शिरते, आणि हवा असली की डिझेल इंजिन काही केल्या घेत नाही. एक स्क्रू जरासा सैल करायचा आणि छोटा हातपंप दाबत राहायचा. आधी नुसता फेस येतो. दाबत राहायचं. मग फेसात मध्येच थेंब. दाबत राहायचं. अंगठा बधिर होतो. मग एकदम बुडबुडा न येता सलग धार लागते, आणि त्याच क्षणी स्क्रू घट्ट करायचा. मी केलं. मिस्त्री शेजारी उभे राहून मला शिकवत होते आणि स्वतः सगळं चुकीच्या वेळी सांगत होते. किल्ली फिरवली. दोनदा नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा सुरू झालं.

घरी येऊन मी आईला सहज सांगितलं. सहज म्हणजे, राहवलं नाही म्हणून. ती म्हणाली, "मला घेऊन चल."

दादा गेल्यापासून तिनं ती गाडी बघायचं नाव काढलं नव्हतं. मी म्हटलं, आई, बघवणार नाही. ती म्हणाली, "समोरून नको नेऊस मग."

मिस्त्रींनी त्यांची व्हॅन पाठवली, मागे गादी टाकून. काल सकाळी नेलं. ऊन चांगलं होतं. मागच्या दरवाजानं तिला खुर्चीसकट उचलून आत घेतलं, एका बाजूला मिस्त्री आणि एका बाजूला त्यांचा माणूस. मिस्त्री सारखे, "आजी, डोकं सांभाळा, डोकं सांभाळा," आणि त्यांचंच डोकं चौकटीवर आपटलं. आई हसली. खरंच हसली, ठके.

वजन करायला काढलेला पलंग परत मधोमध लावला होता, त्यावर तिला झोपवलं. तिनं वर बघितलं. छताला दादानं मागाहून छोटी चौकोनी काच बसवली आहे, तिला झोपल्या झोपल्या आभाळ दिसावं म्हणून. हे तिला माहीत नव्हतं. त्याला प्रवासातच दाखवायचं होतं. ती बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिली. मग पलंगाच्या कडेवरून हात फिरवला, गादीची शिवण चाचपली आणि मला म्हणाली, "ही तुझी?" मी हो म्हटलं. म्हणाली, "टाका बारीक आहे."

मग म्हणाली, "सुरू कर."

मी पुढे गेले. चालकाच्या जागेवर बसायची ही माझी पहिलीच वेळ. दरवाजा नसल्यामुळे बाजूनं वारा येत होता. किल्ली फिरवली. गाडी थरथरली आणि मग एका लयीत आली. मी मागे वळून बघितलं, तिला थरथर सोसत नसली तर लगेच बंद करायचं म्हणून. तिनं कड धरलेली नव्हती. दोन्ही हात पोटावर होते.

"आवाज चांगला आहे," ती म्हणाली. "त्यानं खरंच चांगली केली होती गं."

मिस्त्री दाराबाहेर उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मला वाटलं आता म्हणतील, मी या इंजिनाला लहानपणापासून ओळखतो. त्याऐवजी ते ताडपत्रीची घडी घालायला लागले.

आम्ही तशाच बसलो. गाडी कुठेही गेली नाही. भिंत होती तिथेच होती, एक मांजर ताडपत्रीवर येऊन बसलं. मी मध्येच विचारलं, "आई, बंद करू?" उत्तर आलं नाही. मी घाबरून मागे गेले. तिला झोप लागली होती. तोंड जरा उघडं, श्वास संथ. मे महिन्यापासून मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. गोळी घेऊनही नाही.

मिस्त्रींनी आत वाकून किल्लीकडे हात नेला. मी त्यांचा हात धरला. ते थांबले, बाहेर गेले, आणि थोड्या वेळानं डिझेलचा डबा घेऊन आले.

तुझी वाट बघते.

वहिनी